मुक्या जिवांना लागणारी झळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी हवामान बदलते आहे ह्या विषयावर घर सांभाळणाऱ्या बाईनेही बोलावे, असे मला वाटते. कारण ह्या बदलाची झळ आधी लहानग्यांना लागते, आणि ती लहानगी माणसांचीच असतात असे नाही.

कोळसा व तेल जाळल्याने जो वायू हवेत साठतो, तो गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. दीडशे वर्षांत पृथ्वी एका अंशाहून थोडी अधिक तापली. एका अंशाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण ऊब कमीजास्त झाली की विरजण बिघडते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गाव आहे. तेथे समुद्रकासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते व समुद्रात परत जाते. पुढची ऊब वाळूच देते. वाळू साधारण ३० अंशांहून अधिक तापली, तर बहुतेक पिल्ले माद्या निघतात. फारच तापली, तर अंड्यातच मरतात. लेकी झाल्या म्हणून कोणी दुःख करू नये, हे खरेच. परंतु नर उरलेच नाहीत तर वंश कसा चालणार? चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र संस्था व गावकरी ह्यांनी २००२ पासून तेथे अंडी राखण्याचे काम हाती घेतले.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते व त्याला अन्न पुरविते. पाणी फार तापले की ते शेवाळ निघून जाते. मग प्रवाळ पांढरे पडते व उपासाने मरू लागते.

समुद्र आपल्याला दूर. पण नाथसागर जवळचा. त्याचेच पाणी आपल्या नळाला येते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात व काठच्या उथळ पाण्यात चरतात. २०१६ साली मराठवाड्यात पाणी आटले, तर २०२५ च्या सप्टेंबरात महापूर आला. एका वर्षावरून काही ठरवू नये. परंतु हवा तापली की पाऊस असा लहरी होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. काठ कधी कोरडा, कधी बुडालेला. मग पाखराने चरावे कोठे?

परळीला कोळसा जाळून वीज होते. रिकाम्या खोलीतला दिवा मालवणे हेही म्हणून जीवदयेचेच काम आहे. मोठी कामे सरकारने व कारखानदारांनी करावीत, आणि तशी मागणी आपणही करावी. घरी मात्र उन्हाळ्यात गच्चीवर सावलीत पाण्याचे परळ ठेवावे, आणि जागा असेल तेथे एक कडुनिंब जगवावा.