समुद्र हेच धुराडं

माझे अब्बा व्यापारी जहाजावर ऑइलमन होते. कोकणातल्या आमच्यासारख्या अनेक मुसलमान घरांतली माणसं जहाजांवर गेली. सुट्टीवर आले की अब्बा फार मोठ्यानं बोलत. इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. ते म्हणत, ‘‘इंजिन म्हटलं की धग आली आणि आवाज आला. धुराडं आहे म्हणून आम्ही तगतो.’’

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली ‘कुरसुरा’ ही निवृत्त पाणबुडी पाहताना मला त्यांची आठवण झाली. पाण्याखाली तर धुराडं नाही. मग धग जाते कुठे?

डिझेल पाणबुडी पृष्ठभागावर किंवा त्याच्या जवळ येऊन इंजिन चालवते, बॅटऱ्या भरून घेते आणि खाली जाऊन त्यांवर चालते. अणुपाणबुडीची भट्टी मात्र पाण्याखालीही चालूच असते. तिच्या उष्णतेचा लहान भागच कामी येतो. टर्बाइन फिरवून झालेली वाफ नळ्यांतल्या समुद्राच्या पाण्यानं थंड करतात आणि ते कोमट पाणी पुन्हा समुद्रात सोडतात. समुद्र हेच तिचं धुराडं!

मग हे कोमट पाणी शत्रूला दिसत नाही का? उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला पाण्याचा अगदी वरचा पातळ थरच कळतो. पाणबुडीमागच्या खळबळीत कोमट पाणी आजूबाजूच्या गार पाण्यात मिसळतं. थोडं वर चढतं आणि आपल्याइतक्याच हलक्या थरात थांबतं. पाणबुडी खोल असेल तर तिची ऊब सहसा वर पोचतच नाही.

खरी चुगली करतो तो पंप. थंड करण्यासाठी पाणी फिरवायचं तर पंप हवा आणि पंपाचा आवाज पाण्यात दूरवर जातो. म्हणून १९६९ मध्ये अमेरिकन नौदलात दाखल झालेल्या ‘नारव्हाल’ पाणबुडीच्या अणुभट्टीत वेगळी युक्ती होती. गरम पाणी वर जातं, गार खाली येतं. चुलीवरच्या पातेल्यात घडतं तेच. त्यामुळे भट्टीचे मोठे पंप न चालवताही पाणी फिरू शके.

यंत्राचं असं भागतं. माणसांचं काय?

‘कुरसुरा’च्याच जातीची बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबाच्या पेचप्रसंगात अमेरिकन युद्धनौकांच्या वेढ्यात अडकली. वर यावं तर सापडणार. खाली राहावं तर बॅटऱ्या संपत आलेल्या. बाहेरचं पाणीही कोमट. आतला पारा ४५ अंशांवर गेला, माणसं बेशुद्ध पडू लागली. वरून इशाऱ्याचे स्फोट होत होते. पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता. तिथल्या एका अधिकाऱ्यानं पुढे सांगितलं, की संतापलेल्या कप्तानानं तो सज्ज करायला फर्मावलं. वासिली अर्खिपोव्ह या वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याला शांत केलं, असं मानलं जातं. पाणबुडी वर आली. टॉर्पेडो सुटला नाही.

‘कुरसुरा’च्या अरुंद दारांतून वाकून चालताना मी त्या माणसांचा विचार करत होतो. यंत्राची धग समुद्र मुकाट्यानं घेतो. त्या भट्टीत उभं राहून डोकं गार ठेवण्याचं काम मात्र माणसालाच करावं लागलं. बाहेर आलो तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता. समोर समुद्र होता आणि वारा सुटला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)