बॅगेत कानटोपी हवीच



अलीकडे आपल्याकडच्या पुष्कळ आजी-आजोबांची अमेरिकावारी हिवाळ्यात होते. मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी असते, ऑफिसंही थंडावलेली असतात. शिकागो, बोस्टन, न्यू जर्सी अशा बर्फाच्या गावांत राहणारी आपली लेकरं मग आई-वडिलांना आणि नातवंडांना घेऊन फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जातात. तिथं डिस्ने वर्ल्ड आहे. नातवंडांना मिकी माउस भेटतो आणि मोठ्यांची बर्फातून चार दिवस सुटका होते. निघण्याआधी फोनवर सांगितलं जातं, "आई, तिथं गरम असतं गं, फार कपडे घेऊ नकोस." आज मला या 'गरम असतं' विषयीच बोलायचं आहे. आमचं तिथं तीन वेळा जाणं झालं, तिन्ही वेळा हिवाळ्यातच, आणि प्रत्येक वेळी बॅगा भरण्याचं काम माझ्याकडे होतं.

फ्लोरिडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, नारळासारखी झाडं, उघड्या टपाच्या मोटारी येतात. म्हणजे आपली मुंबई किंवा गोवाच, असं वाटतं. पण नकाशावर बोट ठेवून बघा. ऑर्लँडो साधारण साडेअठ्ठावीस अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या रेषेत. जानेवारीत दुपारी तिथं सरासरी २२ अंश सेल्सिअस असतं आणि पहाटे नऊ-दहा अंश. एकाच दिवसात बारा-तेरा अंशांचा फरक. आमच्या नाशिककरांना हे नवीन नाही. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, हे आम्ही दर हिवाळ्यात करतो. फक्त घरी असताना कपाट हाताशी असतं. तिथं माणूस सकाळी आठला हॉटेलातून निघतो तो रात्री दहा-अकराला परत येतो. मधले चौदा तास जे अंगावर आणि पाठीवरच्या पिशवीत असेल तेच तुमचं कपाट.

शिवाय ही झाली सरासरी. फ्लोरिडाची जमीन सपाट आहे. आपल्याकडे उत्तरेचं गार वारं अडवायला हिमालय उभा आहे, तसा अमेरिकेत पूर्व-पश्चिम आडवा पहाड नाही. कॅनडाकडून निघालेली थंड हवा कधी कधी थेट फ्लोरिडापर्यंत घसरत येते. १९ जानेवारी १९७७ रोजी चक्क मायामीत बर्फाचे कण पडले होते. ऑर्लँडो ज्या काउंटीत आहे तिचं नावच ऑरेंज काउंटी. एके काळी तिथं मैलोगणती संत्र्यांच्या बागा होत्या. १९८३, १९८५ आणि १९८९ सालच्या गोठवणाऱ्या थंडीत त्या भागातल्या बागा इतक्या जळाल्या की अनेक बागायतदारांनी नाद सोडला, कुणी दक्षिणेकडे सरकले, आणि रिकाम्या जमिनींवर घरं उभी राहिली. निफाडकडे पारा उतरला की आपले द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. तिकडचे बागायतदार झाडांवर पाणी फवारतात. गंमत वाटेल, पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि सतत फवारत राहिलं तर बर्फाच्या त्या कवचाखाली झाड शून्य अंशाच्या खाली जात नाही. आणि 'चॅलेंजर' यानाचा २८ जानेवारी १९८६ चा अपघात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सात अंतराळवीर गेले. ते उड्डाण फ्लोरिडातूनच झालं होतं, ऑर्लँडोपासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावरून. आदल्या रात्री तिथं पारा शून्याखाली गेला होता आणि अग्निबाणाच्या सांध्यांमधली रबरी कडी थंडीनं कडक झाली होती.

हे सगळं मी बॅग भरण्याच्या गप्पांत का सांगते आहे? आमच्या ह्यांना दमा आहे. वय बहात्तर. थंड, कोरडं वारं नाकातोंडात गेलं की श्वासनळ्या आवळतात आणि धाप लागते. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही लेकीकडे शिकागोला होतो आणि ऑर्लँडोची तिकिटं काढलेली होती. सहा वर्षांच्या नातीनं आजोबांकडून कबूल करून घेतलं होतं, की किल्ल्यावरची रात्रीची आतषबाजी तिनं आजोबांच्या शेजारी उभं राहूनच बघायची. हे मात्र मनातून धास्तावलेले होते. मला म्हणाले, "मी आपला रात्री खोलीवर थांबेन." बहात्तराव्या वर्षी एवढं सात समुद्र ओलांडून जायचं आणि खोलीवर थांबायचं! मी म्हटलं, बघू. आधी बॅग भरू.

अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात सामानात टाकायच्या बॅगेचे वेगळे पैसे घेतात. त्यामुळे माणशी एक छोटी बॅग, डोक्यावरच्या कप्प्यात मावेल अशी, असा जावईबापूंचा नियम होता. एवढ्याशा बॅगेत जाड स्वेटर दोन घातले की ती भरलीच. म्हणून मी जाड काही घेतलंच नाही. आम्ही नाशिक जिल्ह्याची माणसं, लासलगावच्या कांद्याचे शेजारी. कांद्याला एक जाड साल नसते, पातळ पातळ पदर असतात. तसंच करायचं. अंगालगत पातळ थर्मल, त्यावर रोजचा सदरा किंवा कुर्ता, त्यावर हलका लोकरी स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, घडी घातली की मुठीत मावणारं विंडचीटर. ऊब खरं तर कपड्याची नसते, दोन पदरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. आणि ती हवा वाऱ्यानं पळवून नेऊ नये म्हणून ते वरचं पातळ जाकीट. एक जाड कोट अंगावर असला तर दुपारी तो काढून हातात वागवावा लागतो. पदर असले की ऊन चढेल तसे एकेक काढायचे आणि सूर्य कलला की उलट्या क्रमानं चढवायचे.

थर्मल तेवढं सुती घेऊ नका. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. दुपारी चालून घाम आला आणि संध्याकाळी गारवा पडला की ते पाठीला गार लागतं. लोकरीचं किंवा त्या सिंथेटिक कापडाचं घ्यावं. सुती कपड्यांचा माझा अभिमान मोठा आहे, पण तो आपल्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा.

आता साडी. मी गेली पंचेचाळीस वर्षं साडी नेसते. लेकीनं फार जपून विचारलं, "आई, तिथं रोज साडीच नेसणार आहेस का गं?" मी सलवार-कमीज घेतले, आणि ते काही मन मारून नाही. तिथल्या कित्येक खेळांत चालत्या पट्ट्यावर पाय ठेवून, चालत्याच डब्यात बसायचं असतं. पट्ट्याच्या कडेशी साडीचा काठ अडकला तर काय होईल, याचा विचार आपणच केलेला बरा. त्याच कारणानं ओढणीही बॅगेतच ठेवली. सलवारीच्या आत थर्मल बेमालूम लपतं, हा आणखी एक फायदा. एक साडी मात्र घेतली होती, सिंथेटिक, चुरगळत नाही अशी. नाताळच्या रात्री जेवायला जाताना नेसले. स्वेटर आणि बूट घालून साडी कशी दिसते यावर आमच्या नातवानं जे मत दिलं ते इथं सांगत नाही.

नातीची गोष्ट वेगळी. तिला 'फ्रोझन' सिनेमातल्या एल्साचा झगा घालूनच उद्यानात जायचं होतं. तिथं निम्म्या मुली राजकन्यांच्या पोशाखात असतात, त्यामुळे तिचंही बरोबर होतं. पण तो झगा म्हणजे चकाकणारं, मच्छरदाणीइतकं पातळ कापड. वर स्वेटर घाल म्हटलं की रडारड, कारण मग झगा दिसत नाही. मी ऊब वरून द्यायचीच नाही असं ठरवलं. आतून पांढरं पूर्ण बाह्यांचं थर्मल, पायात पांढरी लोकरी लेगिंग, आणि त्यावर एक माप मोठा घेतलेला झगा. पांढरा रंग त्या झग्यातच मिसळून गेला. तुमच्या घरी कुणी राजकन्या असेल, तर झगा घेतानाच एक माप मोठा घ्या.

पावलांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणं तिथं सहज होतं. बूट दोन जोड हवेत, दोन्ही आधी महिनाभर वापरलेले. दोन अशासाठी, की एक जोड भिजतोच. अॅनिमल किंगडममध्ये काली रिव्हर रॅपिड्स नावाचा गोल तराफ्यातला खेळ आहे. त्यात कोण किती भिजणार हे तराफाच ठरवतो. डिसेंबरच्या दुपारी भिजायला मजा येते, पण चारनंतर तेच ओले मोजे हुडहुडी भरवतात. म्हणून प्रत्येकाचा कोरड्या मोज्यांचा एक जोड झिपच्या पिशवीत, आणि सोबत स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट. तो पावसात चालतो, तराफ्यात चालतो, आणि वारं सुटलं तर स्वेटरवरूनही चालतो.

पोहण्याचे कपडेही घ्यावेत, थंडी आहे म्हणून वगळू नयेत. डिस्नेच्या हॉटेलांतल्या तलावांचं पाणी तापवलेलं असतं. थंडी वाजते ती पाण्यातून बाहेर आल्यावर, खोलीपर्यंतच्या वाटेवर. तेवढ्यासाठी मुलांना एखादं टोपीचं जाकीट ठेवावं. मोठी जल-उद्यानं मात्र फार थंडी पडली की बंद ठेवतात, त्यांच्या भरवशावर मुलांना शब्द देऊ नये.

पहिले दोन दिवस आम्ही बाह्या दुमडून फिरलो. आजूबाजूला सगळे अर्ध्या चड्ड्यांत. लेक हसत होती, "आई, तुझे पदर बॅगेतच राहणार बहुतेक." टीव्हीवर हवामान मात्र रोज बघत होते. तिथं आकडे फॅरनहाइटमध्ये सांगतात. आपण तीन आकडे पाठ करून ठेवावेत : सत्तर म्हणजे आपले एकवीस, पन्नास म्हणजे दहा, आणि बत्तीस म्हणजे शून्य. 'पन्नास' ऐकून आपल्याला चंद्रपूरचा मे महिना आठवतो, तिथं मात्र तेव्हा स्वेटर काढायचा असतो. दुसरी खूण वाऱ्याची. दक्षिणेकडून दमट वारा येऊन पाऊस पडला आणि मग वारा वळून वायव्येकडून वाहू लागला, की समजावं थंडीची लाट दाराशी आली. चार-सहा तासांत सगळं पालटतं. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी पारा शून्याच्या आसपास होता.

मॅजिक किंगडमला मोटारीनं गेलं की गाडी लांब लावावी लागते आणि पुढं तळं ओलांडायचं असतं, फेरीबोटीनं किंवा मोनोरेलनं. आम्ही बोटीनं गेलो. उघड्या पाण्यावरचं ते वारं! बोटीवर पातळ टी-शर्टातली किती तरी माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. आत गेल्याबरोबर दुकानांतून स्वेटशर्टांसाठी रांगा. लहान मुलांना आई-वडिलांच्या मोठ्या टॉवेलांत गुंडाळलेलं मी पाहिलं. बिचाऱ्यांना कुणी तरी 'गरम असतं' असंच सांगितलं असणार.

आमचे हे चारही पदरांत, गळ्याचा मफलर नाकावर घेतलेला, आणि डोक्याला कान झाकणारी, आपल्याकडे मिळते ती तपकिरी माकडटोपी. मफलरमधून श्वास घेतला की आत जाणारी हवा थोडी कोमट आणि दमट होते. दम्याच्या माणसाला हे मोठं औषध आहे. दम्याचा पंप पिशवीत न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवला होता. पंप गारठला की औषध नीट फवारलं जात नाही, हे आमच्या नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. माकडटोपीला लेकीचा सुरुवातीला विरोध होता. फोटोत कसं दिसेल, वगैरे. दुपारी तीन वाजता तिनंच हळूच विचारलं, "अजून एखादी आहे का गं?" होती.

रात्री आतषबाजीला तासभर आधी जागा धरून उभं राहावं लागतं. खरी परीक्षा तीच, कारण चालताना अंग गरम राहतं, उभं राहिलं की गारठतं. बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात मी एक सोलापुरी चादर ठेवली होती. जावईबापूंना ती अडगळ वाटली होती. आधी आम्ही तिची घडी करून तिच्यावर बसलो. फरशीचा गारवा खालून चढतो, तो तिनं अडवला. गर्दी उठून उभी राहिली तेव्हा आजोबा आणि नात त्या एका चादरीत उभे राहिले. पहिला बाण उडाला तेव्हा ह्यांनी मफलर खाली करून नातीला काही तरी सांगितलं आणि पुन्हा वर घेतला. पंप त्या रात्री खिशातच राहिला.

परतीचं एवढं सांगते आणि थांबते. शिकागोहून निघताना अंगावर बर्फातले जाड कोट असतात आणि ऑर्लँडोत त्यांचं ओझं होतं. आम्ही ते विमानतळाच्या वाहनतळावर मोटारीतच ठेवून दिले होते आणि टर्मिनलपर्यंत चार पदरांवर गेलो. जावईबापूंनी तेवढा आपला कोट सोबत घेतला होता. परत आल्यावर बाहेर उणे तापमान होतं. ते एकटेच कोट घालून गाडी आणायला गेले आणि आम्ही सगळे काचेच्या दाराच्या आत उभे राहिलो, गाडी दारात लागेपर्यंत.