नऊ खडे आगाऊ

१९१४च्या महायुद्धाआधीच्या बर्लिनमधली गोष्ट. एमानुएल लास्कर तेव्हा बुद्धिबळाचा जगज्जेता होता. १८९४ ते १९२१ अशी सलग २७ वर्षे ते पद त्याच्याकडे राहिले. एडवर्ड लास्कर हा त्याच्याच आडनावाचा, अभियांत्रिकी शिकणारा तरुण, तोही बुद्धिबळात तयार. एका कॉफीगृहात एडवर्डची नजर जपानी वर्तमानपत्रात छापलेल्या 'गो' या पटावरच्या खेळाच्या डावावर पडली. काळ्याने डाव सोडला होता. का सोडला, हे काही केल्या कळेना. उलगडा व्हायला काही आठवडे गेले. मग एडवर्डला खेळाचे वेड लागले आणि त्याने ते जगज्जेत्यालाही लावले.

वास्तविक नियम चहा निवेपर्यंत सांगून होतात. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, म्हणजे ३६१ छेदबिंदू. एक भिडू काळे खडे घेतो, दुसरा पांढरे, सुरुवात काळ्याची. खडा घरात नव्हे, रेघा छेदतात तिथे ठेवायचा, आणि एकदा ठेवला की तो हलत नाही. खड्याला लागून असलेल्या रिकाम्या बिंदूंना चिनी भाषेत 'ची' म्हणतात, म्हणजे श्वास. सगळे श्वास कोंडले की खडा पटावरून उचलायचा. शेवटी ज्याचा प्रदेश मोठा, तो जिंकला. एकच श्वास उरला की त्या अवस्थेला जपानीत 'आतारी' म्हणतात. १९७२ साली सुरू झालेल्या 'अटारी' या व्हिडिओ गेमच्या कंपनीचे नाव इथूनच आले.

एका नियमापाशी आपल्याकडच्या माणसाने थोडे थांबावे. दोघे एकमेकांचा एकेक खडा आलटून पालटून मारत बसले, तर डाव कधी संपायचाच नाही. म्हणून लगेच परत मारायला बंदी आहे. आधी दुसरीकडे खेळून यायचे. या पेचाला जपानीत 'को' म्हणतात. 'को' ज्या चिन्हाने लिहितात, त्याच चिन्हाने चिनी बौद्ध ग्रंथांत आपला 'कल्प' लिहिला जातो.

प्रौढ शिकाऊ अडतो तो नियमांपाशी नव्हेच. तो अडतो शिडीपाशी. त्याचा एक खडा आतारीत सापडतो. तो शेजारी दुसरा खडा ठेवून पळ काढतो. दोन श्वास मिळतात, प्रतिस्पर्धी एक बंद करतो, पुन्हा आतारी. पुन्हा पळ. नागमोडी पायऱ्या पटाच्या कडेला जाऊन भिडतात, आणि सुरुवातीला एक जाणार होता तिथे आता पंधरा-वीस खडे जातात. वाटेत आपला एखादा खडा आधाराला असेल तरच सुटका. हे पहिल्याच पायरीवर पाहायचे असते. पण पोराटोरांपेक्षा मोठ्या माणसाला गुंतवलेले सोडवत नाही. खडा गेला याचे दुःख कमी, आपला अंदाज चुकला हे कबूल करणे जड. तांग राजवटीतल्या वांग जीशिनच्या नावावर या खेळाची दहा सूत्रे सांगितली जातात. त्यांत पहिलेच सूत्र हाव धरू नये हे आहे.

म्हणूनच जाणकार नवख्याला सांगतात, पहिले पन्नास डाव झटपट हरून टाका. सुरुवात ९ बाय ९च्या छोट्या पटावर करावी. तिथे बिंदू ८१च, डाव काही मिनिटांत आटोपतो आणि चूक कुठे झाली ते आठवते. संगणकाशी खेळण्याची घाई नको. २०१६ साली सोलमध्ये 'अल्फागो' या संगणकी प्रोग्रामने ली सेडॉल या अव्वल गो-खेळाडूला ४-१ हरवले, तेव्हापासून उत्तम चाल कोणती हे यंत्राला विचारता येते. पण ती उत्तम का, हे यंत्र नवख्याला समजावत नाही. चार पायऱ्या पुढे असलेला माणूस अधिक कामाचा.

शिवाय माणसाशी बरोबरी साधायची सोय खेळातच आहे. कच्च्या भिडूला काळे देऊन दोनपासून नऊपर्यंत खडे आधीच पटावर मांडू देतात. बुद्धिबळात वजीर काढून खेळणे हा जरा अपमानच. इथे आगाऊ खडे घेणे हा रिवाज आहे. शिकाऊचा दर्जाही साधारण तीस 'क्यू'पासून मोजत खाली आणतात आणि एकानंतर 'दान' सुरू होतात.

लास्करांना हे मानवणारे नव्हते. दोन-एक वर्षांच्या सरावावर एमानुएलची खात्री झाली की आपल्याला नऊ खडे देईल असा माणूस जगात नाही. एक जपानी गणिती बर्लिनमार्गे चालला होता. त्याने नऊ खडे दिले. एमानुएल, त्याचा भाऊ बर्टोल्ड आणि एडवर्ड असे तिघे सल्लामसलत करून खेळले. पाहुणा भराभर खडे ठेवत गेला, आणि तिघे हरले. परतताना एमानुएल बराच वेळ गप्प होता; मग म्हणाला, टोकियोला गेले पाहिजे. हे एडवर्डनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

पण मध्ये महायुद्ध आले. एडवर्ड लंडनमार्गे पोहोचला तो अमेरिकेत. तिथे १९३४ साली त्याचे 'गो अँड गो-मोकू' हे पुस्तक निघाले, नवशिक्यांसाठी.