बर्फाच्या काठावर

जळगावच्या माणसानं बर्फाविषयी बोलावं हे तसं धाडसच. मे महिन्यात इथला पारा ४५च्या घरात जातो. बर्फ आम्हाला भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. पण २०१८च्या फेब्रुवारीत टीव्हीवर बर्फावरचं नृत्य पाहिलं, ते अजून मनातून जात नाही.

पायात पात्यांचे बूट, स्त्री-पुरुषाची जोडी, संगीत आणि गुण देणारे परीक्षक. हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७६ साली आला. मोठ्या उड्यांना इथं वाव नाही. कसोटी दोघांच्या एका लयीची. गझलेत एक मात्रा चुकली की शेर पडतो, तसंच.

मारी-फ्रान्स ड्युब्रेय आणि पात्रिस लोझाँ ही कॅनडाची जोडी. २००६च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये त्यानं उचललेलं असताना तिचा हात सुटला आणि ती बर्फावर आदळली. लोझाँनं तिला उचलूनच बाहेर नेलं. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत दोघांनी रौप्य मिळवलं, २००७मध्ये पुन्हा रौप्य. ऑलिंपिकचं पदक मात्र कधीच नाही. पुढं त्यांनी लग्न केलं आणि माँट्रियलला मुलांना शिकवू लागले.

आणि २०१८ला, कोरियातल्या प्याँगचांगला, सुवर्णासाठी झुंजणाऱ्या दोन्ही जोड्या यांच्याच शिष्य! कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर, फ्रान्सचे गॅब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझराँ. पहिल्या नृत्यात पापादाकिसच्या पोशाखाचा गळ्याशी असलेला बंद सुटला. ती तशीच नाचत राहिली. दुसऱ्या नृत्यात फ्रान्सला जास्त गुण पडले, पण बेरजेत कॅनडा पुढे : २०६.०७ आणि २०५.२८. एक गुणही नाही हो फरक! अशा वेळी गुरूनं कुणाकडे पाहून हसायचं?

मी विचारतो, कारण मला ते जमलं नव्हतं. धुळ्याला एका काव्यस्पर्धेत माझ्याकडे कविता दाखवायला येणारी दोन मुलं होती. एकाचा पहिला नंबर आला, दुसऱ्याचा दुसरा. मी पहिल्याची पाठ थोपटली आणि दुसऱ्याची नजर चुकवली. परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर. पारोळा येईपर्यंत कुणी बोललं नाही.

फ्रान्सची जोडी हरली, पण गुरू सोडून गेली नाही. २०२२ला बीजिंगमध्ये त्यांनी सुवर्ण घेतलं, ते याच गुरूंच्या हाताखाली.

माझा तो दुसरा मुलगा मात्र वही घेऊन पुन्हा आला नाही.