स्वयंसेवी संगणन : लोकसहभाग आणि फाइल व्यवस्थेचे अर्थकारण



अर्थशास्त्रात निष्क्रिय क्षमतेचा विचार करताना बंद यंत्रमागाचे किंवा रिकाम्या परतणाऱ्या मालगाडीचे उदाहरण दिले जाते. घराघरांतील संगणक हे त्याच प्रकारचे, परंतु दुर्लक्षित उदाहरण होय. पत्र टंकलिखित होत असताना संगणकाच्या प्रोसेसरची बहुतांश शक्ती वापराविना राहते. ही विखुरलेली शक्ती इंटरनेटद्वारे एकत्र आणून वैज्ञानिक गणनेसाठी वापरणे म्हणजे स्वयंसेवी वितरित संगणन. पाव शतकाहून अधिक काळाचा या चळवळीचा अनुभव एकच गोष्ट अधोरेखित करतो : आवाहनामुळे लोक येतात; पण ते टिकतात की नाही, हे दात्यावर पडणारा भार किती कमी ठेवला जातो यावर अवलंबून असते.

चळवळीची वाटचाल

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी असा प्रकल्प सुरू केला. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रातून ‘सेटी ॲट होम’ प्रकल्पाचा आरंभ झाला. अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ संकेतांचे तुकडे त्यात स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवले जात. ५० लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले. पुढे डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने २००२ पासून ‘बॉइंक’ ही सामायिक प्रणाली विकसित झाली आणि अनेक प्रकल्पांना एकच व्यासपीठ मिळाले. त्यांपैकी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ने २०१० मध्ये नवा पल्सार शोधला. तो अमेरिकेतील आयोवा आणि जर्मनीतील माइन्ट्स येथील सामान्य नागरिकांच्या संगणकांवरील गणनेतून उघड झाला.

प्रतिष्ठेचे चलन

येथे वेतन नाही. मिळणारे ज्ञान सार्वजनिक वस्तू असल्याने, सहभाग न घेणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो. मग कोणी संगणक का द्यावा? बॉइंकने यासाठी श्रेयगुणांची पद्धत स्वीकारली. सेकंदाला एक अब्ज गणिती क्रिया करणाऱ्या संगणकाच्या एका दिवसाच्या कामाला २०० गुण, हे तिचे मूळ परिमाण. गुणांच्या आधारे व्यक्तींच्या, विद्यापीठांच्या आणि देशांच्या संघांत स्पर्धा लागते. जुने सदस्य नव्यांना आणतात आणि अडचणीही सोडवतात. गुणांसाठी खोटे निकाल पाठवले जाऊ नयेत म्हणून अनेक प्रकल्पांत एकच काम दोन संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहिली जातात. विश्वासाची ही किंमत दुप्पट गणनेच्या रूपाने मोजावी लागते.

फाइल व्यवस्थेचा प्रश्न

वीज गेली किंवा संगणक बंद केला, तर अर्धवट गणना वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक काम आपली स्थिती ठरावीक अंतराने डिस्कवर नोंदवते. यास चेकपॉइंट म्हणतात. समजा, आठ कामे एकाच वेळी सुरू आहेत आणि प्रत्येक काम दर ६० सेकंदांनी नोंद करते. दिवसभरात ११,५२० नोंदी होतील. अंतर दहा मिनिटांचे केले, तर त्या १,१५२ वर येतील. मात्र वीज गेल्यास प्रत्येक कामाचे जास्तीत जास्त दहा मिनिटांचे श्रम बुडतील. हा सीमांत लाभ आणि सीमांत खर्च यांचा सरळ हिशेब आहे.

लिनक्सच्या इतिहासात हाच हिशेब फाइल व्यवस्थेच्या पातळीवर दिसतो. २००१ मध्ये मुख्य प्रवाहात आलेल्या ‘ईएक्सटी-३’ व्यवस्थेत बदलांची नोंद आधी एका स्वतंत्र नोंदवहीत होत असे. त्यामुळे अचानक बंद पडलेला संगणक लवकर सावरे. परंतु एखाद्या कार्यक्रमाने आपली फाइल तत्काळ डिस्कवर उतरवण्याचा आग्रह धरला, की नेहमीच्या मांडणीत इतर फाइलींचा प्रलंबित मजकूरही सोबत लिहावा लागे आणि संगणक अडखळे. २००८ च्या अखेरीस स्थिर ठरलेल्या ‘ईएक्सटी-४’ने लेखन साठवून एकत्रित करण्याची पद्धत आणली. वेग वाढला, पण वीज गेल्यावर काही फाइली रिकाम्या सापडू लागल्या. २००९ मध्ये त्यावर उपाययोजना झाली. सारांश, वेग आणि सुरक्षितता यांपैकी एक वाढवताना दुसऱ्याची किंमत मोजावी लागते. आजच्या एसएसडी साठवणीत लेखन जलद होते, परंतु तिची लेखनक्षमता मर्यादित असल्याने काटकसरीचे महत्त्व कायम आहे.

संगणक अडखळू लागला, की दाता तक्रार करीत बसत नाही. तो कार्यक्रम काढून टाकतो. प्रचाराने मिळवलेला सदस्य अशा रीतीने निःशब्दपणे गमावला जातो.

यशाचा ताण

भार केवळ दात्यावर पडतो असे नाही. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’कडे सुमारे ३० हजार उपकरणांवरून दहा लाखांहून अधिक उपकरणांचा ओघ आला. त्याची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांच्या पुढे गेली. परंतु आरंभी कामे वाटणारे सर्व्हर अपुरे पडले आणि अनेक संगणक कामाची वाट पाहत राहिले. त्याच वर्षी ३१ मार्चला ‘सेटी ॲट होम’ने कामवाटप थांबवले. अधिक गणनेतून मिळणारा लाभ घटत चालला होता आणि वितरणाची व्यवस्था सांभाळणे श्रमाचे होते. घटत्या फलाचा नियम दान केलेल्या साधनांनाही लागू पडतो.

भारतासाठी बोध

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विकसित केली, तर २०१५ पासून राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनने उच्च क्षमतेच्या गणनेची सोय वाढवली. स्वयंसेवी संगणन त्यास पर्याय नसून पूरक ठरू शकते. कारण परस्परांशी सतत संवाद न साधता करता येणारे कामच त्यात बसते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना आवाहन करताना मात्र खर्च लपवू नये. रात्री बंद असणारा संगणक ही निष्क्रिय क्षमता नव्हे. केवळ या कामासाठी ६० वॅटचा वापर अखंड सुरू राहिला, तर तीस दिवसांत ४३ युनिटांहून अधिक वीज लागते. मोफत वाटणाऱ्या गणनेचे देयक कोणीतरी भरतच असते.

म्हणून अशा योजनेचे मूल्यमापन नोंदणीच्या आकड्यावर न करता तीन कसोट्यांवर करावे : वर्षभरानंतर किती जण टिकले, दात्याला किती भार पडला आणि हाती आलेल्या निकालांतून किती ज्ञान निष्पन्न झाले. लोकसहभागावर आधारलेल्या कोणत्याही विकास कार्यक्रमाला याच कसोट्या लागू पडतात.