महिनाभराचे वाचन
(प्रकाशा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांविषयी मी थोडे बोलावे, अशी आपली इच्छा आहे. तापी-गोमाईच्या या संगमावर पुराणश्रवणाची प्रथा जुनी आहे. अर्थशास्त्र ऐकण्याचा प्रसंग मात्र विरळा. म्हणून बेताने बोलतो. तिन्ही पुस्तके जुनी आहेत. मी ती पुन्हा वाचली.

पहिले, वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचे १९७१ साली प्रसिद्ध झालेले दारिद्र्यविषयक इंग्रजी पुस्तक. १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी दरमहा खेड्यात १५ आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरून, तेवढेही न मिळणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के व शहरांत ५० टक्के आहेत, असे त्यांनी दाखविले. सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा त्यांचा आग्रह आजही पटतो. हे मी वर्षानुवर्षे शिकविले. या खेपेस मात्र एक उणीव जाणवली. गरीब माणूस किती खर्च करतो, हे या मापाने कळते. त्याचे श्रम आगाऊ कोणी विकत घेऊन ठेवले आहेत, हे कळत नाही.

ते कळते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणारा वारली 'लग्नगडी' तेथे भेटतो. १९४५ साली या वारल्यांनी वेठ नाकारली. त्यांच्या हालांपेक्षा त्यांची भीती कशी गेली, याचे वर्णन मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या शहादा तालुक्यातही १९७० नंतरच्या काळात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम केले. पण आखाजीला ठरणारे सालदाराचे साल आणि ऊसतोडीची उचल पाहिली, की लग्नगड्याची आठवण होतेच.

तिसरे, जोतीराव फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ सालचे. त्यांची भाषा झोंबते, म्हणून पुष्कळांनी ते दूर ठेवले. परंतु पावसाचे पाणी व माती अडविण्यासाठी सरकारने शिपायांकरवी ताली-बंधारे बांधावेत, ही सूचना त्यात आहे. आज प्रकाशाच्या बॅरेजमध्ये तापीचे पाणी अडते. ते कोणाच्या शेतापर्यंत पोचते, हा प्रश्न फुल्यांनी खचित विचारला असता.

मित्रहो, टक्केवारी आवश्यकच आहे. पण ती जेथून निघते तो घरोघरचा हिशेब आपल्याला ठाऊक हवा. पुढील वर्गास येताना प्रत्येकाने आपल्या गावातील एका सालदाराचा वा ऊसतोड कुटुंबाचा हिशेब लिहून आणावा : उचल किती घेतली, कशासाठी घेतली, किती कापली गेली, हाती किती उरले. नाव लिहू नये. आकडा मात्र खरा असावा. पुढच्या महिन्यात आपण तोच वाचू.