प्लास्टिक आणि सूर्यप्रकाश
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)





आपल्या जवळचे सांची २०२३ साली सौरनगरी म्हणून जाहीर झाले. गच्चीवर दिसणारी सौरफलके बहुतेक सिलिकॉनची असतात; ती जड व ताठ. त्यांऐवजी शाईसारखे पसरता येईल असे हलके प्लास्टिक वापरता येईल काय?

प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, असे आपण शाळेत शिकलो. परंतु १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडिनचा संस्कार देऊन ते विजेचे वाहक बनविले. २००० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मर्म असे, की त्याच्या लांब रेणूत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात, आणि इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात. प्रकाश पडला म्हणजे इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढतो. पायरी उंच असेल, तर तांबड्या प्रकाशाचे बळ अपुरे पडते व तो वाया जातो. म्हणून इलेक्ट्रॉन देणारे व घेणारे घटक साखळीत एकाआड एक ओवतात. पायरी ठेंगणी होते. दाता आणि ग्राही ही जोडी आपल्या न्यासाला नवी नाही! मात्र पायरी फारच ठेंगणी केली, तर विजेचा दाब घटतो. हे माप साधणे हेच यातील कौशल्य.

साखळीला बाजूच्या फांद्याही जोडाव्या लागतात. त्यांवाचून ती सहसा विरघळत नाही, आणि विरघळल्यावाचून शाई होत नाही. ही शाई आजवर बहुधा क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझीन अशा घातक द्रवांत करीत आले. येथे आम्ही भोपाळकर क्षणभर थांबतो. डिसेंबर १९८४ ची ती रात्र पाहिलेली माणसे या सभेत आहेत. वीज किती मिळेल, याआधी शेजारच्या वस्तीचे काय होईल, हे विचारण्याचा अधिकार या शहराने फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे. समाधानाची गोष्ट ही, की फांद्यांची रचना बदलून कमी विषारी द्रवांत विरघळणारे रेणू घडविण्याचे प्रयत्न आता चालू आहेत.

प्रयोगशाळेतील लहान घटांनी सुमारे २० टक्के कार्यक्षमता गाठली आहे. उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकण्यात मात्र ते सिलिकॉनच्या मागे आहेत. न्यासाच्या साहाय्याने शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी या कामी लागले, तर त्यांनी पायरीचे माप घेताना द्रवाचीही चौकशी करावी, एवढीच आमची विनंती.